टेस्टोस्टेरॉनच्या रिपोर्टवर इंजेक्शनची तारीख हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थकवा, चिडचिड, कामेच्छा कमी होणं अशा तक्रारी घेऊन आलेल्या पुरुषांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन औषध म्हणून सुरू करण्याचं प्रमाण आता आमच्यासारख्या तालुक्याच्या गावीही बरंच वाढलं आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, सातारा जिल्ह्यात लॅब चालवते. औषध लिहून देणं माझं काम नाही. पण ज्या आकड्यावरून हे औषध सुरू होतं, वाढतं किंवा थांबतं, तो आकडा माझ्या सहीने बाहेर पडतो. त्या आकड्याचा सध्या जसा वापर होतोय, त्याने मी अस्वस्थ आहे.

दुपारी चारच्या सुमारास, जेवण-चहा उरकून एखादा तरुण चिठ्ठी घेऊन येतो. चिठ्ठीवर 'सिरम टेस्टोस्टेरॉन' एवढंच. रात्री झोप झाली का, मागच्या आठवड्यात ताप होता का, काही खाऊन आलात का, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं. तिशी-चाळिशीतल्या पुरुषाची दुपारी चारची पातळी सकाळी आठच्या मानाने २० ते २५ टक्के कमी असते. पोटात साखर गेली की ती आणखी उतरते. सकाळी ३६० नॅनोग्रॅम (प्रति डेसिलिटर रक्तात) असणारा माणूस दुपारी २७० वर दिसू शकतो, आणि तीनशेच्या आत आकडा आला की रिपोर्टवर त्याच्यापुढे ठळक 'लो' छापलं जातं. त्या एका 'लो'वर इंजेक्शन सुरू झालेली मी पाहिली आहेत.

अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीची २०१८ ची मार्गदर्शिका याबाबत अगदी स्पष्ट आहे. लक्षणं असली पाहिजेत, तपासणी सकाळी उपाशीपोटी झाली पाहिजे, आणि वेगळ्या दिवशी ती पुन्हा करून दोन्ही वेळा पातळी कमी आली पाहिजे. पहिल्यांदा कमी आलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत पुरुषांची दुसरी तपासणी नॉर्मल येते. पोट सुटलेल्या माणसाच्या रक्तात हे हार्मोन वाहून नेणारं प्रथिनच कमी असतं, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो. अशा वेळी मुक्त, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेलं, टेस्टोस्टेरॉन पाहावं लागतं. आणि खरोखरच कमी असेल तर बिघाड वृषणात आहे की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत, हे कळायला एलएच आणि एफएसएच, म्हणजे पिट्युटरीकडून वृषणांना संदेश नेणारी हार्मोन्स, तपासावी लागतात. ते इंजेक्शनच्या आधी. इंजेक्शन सुरू झालं की ही दोन्ही हार्मोन्स दबतात आणि मूळ कारण झाकलं जातं. पिट्युटरीची गाठ असलेला एखादा माणूस महिनोन्महिने नुसती इंजेक्शनं घेत बसू शकतो.

आता मात्रेकडे येते. निरोगी पुरुषाचं शरीर दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार करतं. तेलात मिसळून दिल्या जाणाऱ्या टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेटच्या १०० मिलिग्रॅममध्ये खरं हार्मोन असतं सुमारे ७२ मिलिग्रॅम. त्याची मान्य मात्रा आठवड्याला ७५ ते १०० किंवा दोन आठवड्यांना १५० ते २०० मिलिग्रॅम. टेस्टोस्टेरॉनच्या चार एस्टरांचं (एनॅन्थेटसारख्या हळूहळू सुटणाऱ्या रूपांचं) मिश्रण असलेल्या २५० मिलिग्रॅमच्या इंजेक्शनात १७६ मिलिग्रॅम हार्मोन असतं आणि ते सर्वसाधारणपणे तीन आठवड्यांतून एकदा द्यायचं असतं. जिमला जाणारी मुलं तेच इंजेक्शन दर आठवड्याला घेतल्याचं मला बिनधास्त सांगतात. हिशेब केला तर दिवसाला २५ मिलिग्रॅम, शरीर स्वतः बनवतं त्याच्या जवळजवळ चौपट. याला कमतरता भरून काढणं म्हणता येत नाही.

पण मला जास्त काळजी वाटते ती जिमबाहेरच्या, डॉक्टरांच्या सल्ल्याने रीतसर उपचार घेणाऱ्या माणसाची. त्याची मात्रा चुकते ती बहुतेक वेळा घड्याळ आणि कॅलेंडर न पाहिल्यामुळे. २०० मिलिग्रॅम एनॅन्थेट घेतलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी हजाराच्या वर जाऊ शकते, आणि चौदाव्या दिवसापर्यंत ती तीन-चारशेवर येते. तोच माणूस, तेच औषध. दुसऱ्या दिवशी रक्त दिलं तर डॉक्टर म्हणणार मात्रा कमी करा, तेराव्या दिवशी दिलं तर म्हणणार वाढवा. एक तारखेचं पासबुक पाहून महिन्याचा खर्च भागतो की नाही ते ठरवण्यासारखंच हे आहे. एनॅन्थेटसाठी नमुना दोन इंजेक्शनांच्या बरोबर मधोमध घ्यायचा आणि पातळी ३५० ते ६०० च्या दरम्यान ठेवायची. १००० मिलिग्रॅमचं अनडेकॅनोएट, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचं जास्त काळ टिकणारं इंजेक्शन, जे दुसऱ्यांदा सहा आठवड्यांनी आणि नंतर दर १० ते १४ आठवड्यांनी देतात, त्याच्यासाठी पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी नमुना घ्यायचा. त्वचेवर टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्याचा, किमान आठवडाभर वापर झाल्यावर, लावल्यानंतर २ ते ८ तासांत. तीन औषधं, नमुन्याच्या तीन वेगवेगळ्या वेळा. आणि आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर औषधाचं नावसुद्धा नसतं.

जाता जाता एक. केस गळतात म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेच्या गोळ्या खाणारे बरेच आहेत. टेस्टोस्टेरॉन मोजायच्या काही मशिनवर बायोटिनमुळे आकडा खोटाच वर दिसतो. रक्त द्यायच्या आधी लॅबला तसं सांगावं.

जास्त मात्रेचा पहिला पुरावा मला टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यात दिसत नाही, साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, दिसतो. हे हार्मोन हाडांतल्या मज्जेला जास्त लाल पेशी बनवायला लावतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींनी व्यापलेला भाग, पुरुषात साधारण ४० ते ५० टक्के असतो. अशा माणसाच्या रक्ताची नळी सेंट्रीफ्यूजमधून बाहेर काढली की नुसत्या डोळ्यांनी कळतं. वर राहायला हवा तो पिवळसर प्लाझ्मा बोटभरही नसतो आणि खालचा गडद थर अर्ध्याच्या वर चढलेला असतो. ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवायचं, पातळी उतरू द्यायची आणि कमी मात्रेने पुन्हा सुरू करायचं, असा नियम आहे. सुरुवातीला एकदा, मग तीन ते सहा महिन्यांनी, मग दरवर्षी, एवढ्या वेळा सीबीसी झाली तरी पुरते. ही कुठल्याही लॅबमधली स्वस्तातली तपासणी, पण नेमकी तीच चिठ्ठीवर नसते.

ऑस्ट्रेलियात ५० ते ७४ वयाच्या, वजन जास्त असलेल्या १,००७ पुरुषांवर दोन वर्षं झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. दर तीन महिन्यांनी १००० मिलिग्रॅम अनडेकॅनोएट, ठरलेली मात्रा, नीट देखरेख. मधुमेह टळण्यात फायदा दिसला, हे मी आनंदाने लिहिते. पण औषध घेणाऱ्यांपैकी २२ टक्के पुरुषांचं हिमॅटोक्रिट कधी ना कधी ५४ ला पोचलं किंवा वर गेलं. औषध नसलेल्या गटात हे प्रमाण १ टक्का होतं. इतक्या काटेकोर देखरेखीत असं होत असेल तर आपल्याकडे कुणी मोजतच नाही त्यांचं काय?

काही जण यावर रक्तदानाचा तोडगा काढतात. दर तीन महिन्यांनी रक्तदान करायचं आणि मात्रा तशीच ठेवायची. रक्तदान थोर गोष्ट आहे, जरूर करावं. पण त्याने शरीरातलं लोह कमी होत जातं आणि रक्त दाट होण्याचं कारण जिथल्या तिथे राहतं. कमी करायची आहे ती मात्रा.

'हृदयाला धोका नाही हे सिद्ध झालंय,' असं अलीकडे वारंवार ऐकू येतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ट्रॅव्हर्स या मोठ्या चाचणीचा हा हवाला. ४५ ते ८० वयाचे, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका जास्त असलेले पाच हजारांहून जास्त पुरुष त्यात होते, आणि हार्ट अटॅक, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत जास्त आढळलं नाही. हे खरं आहे. पण त्या पुरुषांना रोज जेल दिलं जात होतं, पातळी ३५० ते ७५० च्या आत ठेवायला मात्रा पुन्हा पुन्हा बदलली जात होती, हिमॅटोक्रिटवर नजर होती. आणि तरीही अनियमित ठोके, फुप्फुसात रक्ताची गुठळी आणि मूत्रपिंडाला अचानक इजा या तीन गोष्टी औषधाच्या गटात थोड्या जास्त दिसल्या. आठवड्याला २५० मिलिग्रॅम टोचून घेणाऱ्याला या चाचणीचा आधार घेता येणार नाही.

सगळ्यात वाईट मला वाटतं ते वीर्यतपासणीच्या वेळी. लग्नाला तीन-चार वर्षं झालेली असतात. सुनेच्या सोनोग्राफ्या, नळ्यांची तपासणी, उपासतापास, नवससायास सगळं उरकून शेवटी मुलाचा नमुना आमच्याकडे येतो, आणि मायक्रोस्कोपखाली एकही शुक्राणू नसतो. विचारल्यावर कळतं, 'अशक्तपणासाठी' इंजेक्शन चालू आहेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणांना संदेश पाठवायचं थांबवतो, आणि शुक्राणू बनणंही थांबतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत आठवड्याला २०० मिलिग्रॅम एनॅन्थेट चक्क पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून वापरलं होतं, आणि बहुसंख्य पुरुषांचे शुक्राणू शून्यावर आले होते. बंद केल्यावर बहुतेकांचे सहा महिने ते वर्षभरात परत येतात, काहींना दोन वर्षंही लागतात. ज्याला मूल हवंय त्याला टेस्टोस्टेरॉन द्यायचंच नसतं. पिट्युटरीचा दोष असेल तर एचसीजीसारखी, वृषणांनाच कामाला लावणारी, वेगळी औषधं आहेत. इंजेक्शन देण्याआधी 'मूल व्हायचंय का?' एवढा एक प्रश्न विचारला गेला असता तर त्या मुलीचे कितीतरी हाल वाचले असते.

माझा या औषधाला विरोध आहे असा कुणी अर्थ काढू नये. ज्याला खरी गरज आहे त्याला ते पुरेसं मिळत नाही, हीसुद्धा तक्रारच आहे. क्लाइनफेल्टर सिंड्रोम (जन्मतःच एक एक्स गुणसूत्र जास्त) असलेली मुलं, पिट्युटरीचं ऑपरेशन झालेले, वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषणं निकामी झालेले रुग्ण माझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी हे मधुमेह्याच्या इन्सुलिनइतकंच आवश्यक आहे; हाडं, रक्त, स्नायू सगळं त्यावर चालतं. यातल्या काहींना महिन्यातून एकच इंजेक्शन मिळतं. पहिला आठवडा तरतरी, शेवटचे दहा दिवस अंथरुणातून उठवत नाही. घरचे म्हणतात आळशी झालाय. अशा माणसाला मात्रा लहान आणि अंतर कमी करून दिली तर महिनाभर तो सारखाच राहतो. पण त्यासाठी मधल्या दिवशीची पातळी कुणीतरी पाहायला हवी.

जेलबद्दल थोडंच. ते वाळेपर्यंत कपडा घालू नये, मग ती जागा झाकावी, हात साबणाने धुवावेत आणि त्या जागेला लहान मुलाचा किंवा गरोदर बाईचा स्पर्श होऊ देऊ नये. एकत्र कुटुंबात नातवंडं सारखी अंगाखांद्यावर असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आमच्या लॅबच्या टेस्टोस्टेरॉनच्या फॉर्मवर आता चार रकाने छापले आहेत: नमुना घेतल्याची वेळ, उपाशीपोटी की नाही, औषधाचं नाव व मात्रा, आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख. ही माहिती रिपोर्टवर आकड्याच्या खालीच छापून जाते. पहिली तपासणी असेल आणि माणूस दुपारी आला तर आम्ही त्याला पैसे न घेता परत पाठवतो, सकाळी उपाशी या म्हणून. काही डॉक्टरांना सुरुवातीला हे रुचलं नाही. आता त्यातलेच काही जण चिठ्ठीवर तारीख लिहून पाठवतात. जिल्ह्यातल्या इतर लॅबचालकांनीही हे रकाने छापावेत, डॉक्टर मंडळींनी टेस्टोस्टेरॉनबरोबर सीबीसी आणि चाळिशीपुढच्या रुग्णाला पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) लिहावं, आणि औषध दुकानदारांनी हे इंजेक्शन चिठ्ठीशिवाय देऊ नये, जो कायदाच आहे, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्रातून पोचावी. रकान्यांचा नमुना ज्यांना हवा असेल त्यांना मी आपल्या कार्यालयामार्फत पाठवीन.

आपली नम्र,
एक पॅथॉलॉजिस्ट, जि. सातारा