जुने संगणक भंगारात काढण्याआधी: माहिती तंत्रज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
गोवा सरकार, सचिवालय, पर्वरी

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोव्यात जुन्या संगणकांचे संग्रहालय व्हावे, ही मागणी घेऊन आपल्याला लिहीत आहे. काचेआड मांडून ठेवलेली बंद यंत्रे मला अभिप्रेत नाहीत. यंत्रे चालू हवीत, कारण त्यांच्यावाचून इथला बराच मराठी मजकूर आता वाचताच येणार नाही.

फोंड्यात मी बरीच वर्षे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचे काम केले. जत्रेतल्या नाटकांची हँडबिले, देवस्थानांच्या स्मरणिका, शाळांचे महोत्सवी अंक, पदरमोड करून काढलेले कवितासंग्रह, हे सगळे नव्वदच्या दशकात खिळ्यांची जुळणी सोडून संगणकावर आले. तेव्हा देवनागरीसाठी प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असे. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपापल्या क्रमाने व्यंजने, काने, वेलांट्या बसवलेल्या असत. 'श्रीलिपी' किंवा 'आकृती' या सॉफ्टवेअरांत केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या नव्या संगणकावर उघडली, तर पडद्यावर नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षर-मांडणीत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण आमच्या टेबलापर्यंत पोचायला तिला फार वर्षे लागली. रूपांतर करणारी साधने काही फॉन्टांसाठी मिळतात. तरी जोडाक्षर बरोबर आले की नाही, हे ताडून पाहायला मूळ पान समोर लागतेच. ते पाहायचे तर प्रिंटरच्या पोर्टला लावायचे लॉक (ज्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही) हवे, तसे पोर्ट असलेला पीसी हवा, त्यावर विंडोज ९५ किंवा ९८ हवे आणि फ्लॉपी ड्राइव्ह हवा. यातले एक जरी नसले, तरी हातात फ्लॉपी असून ती कोरी असल्यासारखीच.

आणि फ्लॉपी तरी किती टिकणार? आतली चकती चुंबकीय लेप दिलेल्या प्लास्टिकची. आपल्या पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते. तशीच ड्राइव्हमध्ये घातली, तर लेप खरवडला जातो, ड्राइव्हचे वाचणारे हेड घाण होते आणि पाठोपाठ घातलेली चांगली फ्लॉपीही बिघडते. ३८६ आणि ४८६ या जुन्या प्रोसेसरांच्या काळातल्या अनेक मदरबोर्डांवर घड्याळ चालू ठेवण्यासाठी निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी असे. ती पाझरू लागली की शेजारच्या तांब्याच्या रेषा खात सुटते. वेळेत काढली तर बोर्ड वाचतो, आणि त्यासाठी सोल्डरिंग येणारा एक माणूस पुरतो. माळ्यावर पडलेल्या यंत्रांच्या बाबतीत हे वेळेत होत नाही, हेच माझे दुखणे आहे.

गोव्याने अशी हानी एकदा सोसली आहे. १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना इथे, जुन्या गोव्यात आला. १६१६ मध्ये राशोलला फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. भाषा मराठी, लिपी मात्र रोमन, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज कुठे सापडत नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो हस्तलिखितांमुळे. फ्लॉपीतल्या स्मरणिकेचे हस्तलिखित कुणी जपून ठेवले असेल, असे मला वाटत नाही.

देवनागरी यंत्रावर कशी आणायची, हा प्रश्न ऐंशीच्या दशकात पुन्हा उभा राहिला. आयआयटी कानपूरमध्ये त्यावर काम झाले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने ते जिस्ट कार्डाच्या रूपाने पुढे नेले. पीसीच्या आत हे कार्ड बसवले की डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीवरच्या प्रोग्रामांतही देवनागरी टंकता येई. असा एक पीसी चालू स्थितीत समोर ठेवून फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांना त्यावर स्वतःचे नाव लिहू द्यावे. आपली लिपी संगणकात आणायला किती खटपट करावी लागली, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळेल.

हे काम एकट्या हौशी माणसावर सोडू नये. सिॲटलमध्ये मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी असेच चालत्या संगणकांचे संग्रहालय उभे केले होते. जुन्या यंत्रांवर लोकांना प्रत्यक्ष बसता येत असे. २०१८ मध्ये ते वारले, २०२० मध्ये दारे बंद झाली आणि २०२४ मध्ये ते कायमचे मिटल्याचे जाहीर होऊन संग्रहातल्या वस्तू लिलावात गेल्या. एवढ्या धनवान माणसामागे जे टिकले नाही, ते फोंड्यातल्या एखाद्या गाळ्यात कसे टिकेल? म्हणून हे संग्रहालय पुराभिलेख खात्याला जोडावे, असे मला ठामपणे वाटते. त्या दप्तराची परंपरा १५९५ पासूनची आहे. मोडी आणि पोर्तुगीज कागद जपणाऱ्या संस्थेनेच फ्लॉप्याही जपाव्यात. सुरुवातीला दमटपणा आटोक्यात ठेवणारी एक खोली आणि दोन तंत्रज्ञ मिळाले तरी काम सुरू होईल.

इमारतीला वेळ लागेल, ते समजते. एक परिपत्रक मात्र लगेच निघू शकते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांमुळे कार्यालयांतली कंडम यंत्रे नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जातात. नियम योग्यच आहे, शिसे मातीत जाता कामा नये. पण यादी तयार झाल्यावर आणि ट्रक येण्याआधी, २००० पूर्वीची यंत्रे, लॉक, फ्लॉप्या आणि माहितीपुस्तिका बाजूला काढून त्यांची एकदा तपासणी व्हावी. सरकारी कार्यालयांबरोबर अनुदानित शाळा-महाविद्यालयांनाही ते लागू करावे. सरकारी फाइली असलेल्या डिस्क आपल्या खात्याच्या देखरेखीखालीच उघडाव्यात.

तपासणीला माणसे कुठून आणायची, ही चिंता नसावी. फोंडा, म्हापसा, डिचोलीतले आम्ही जुने डीटीपीवाले आणि हार्डवेअर दुरुस्त करणारे विनामोबदला यायला तयार आहोत. परिपत्रक पावसाळ्याआधी निघावे, एवढी विनंती.

आपला,
फोंड्यातील एक डीटीपी व्यावसायिक