‘प्रदीर्घ आजाराने’ म्हणजे कशाने?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीची निधनवार्ता आपल्या दैनिकात छापून आली. ‘प्रदीर्घ आजाराने निधन’ हा मजकूर मीच लिहून दिला होता. तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग होता. ते दोन शब्द तेव्हा माझ्या हातून उतरले नाहीत, म्हणून आज हे पत्र.

पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर तिला पुन्हा रक्तस्राव सुरू झाला. आठ महिने तिने तो अंगावर काढला. एकतीस वर्षांच्या संसारात मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. ‘तुम्हाला काय सांगायचं ते,’ एवढंच ती नंतर म्हणाली. पाळी गेल्यानंतर रक्ताचा एक डाग दिसला तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

हा रोग बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो इतका सर्रास आढळतो की शरीरसंबंध आलेल्या बहुतेकांना कधी ना कधी त्याची लागण होऊन जाते. त्यामुळे बाईच्या चारित्र्याविषयी कुजबुजणाऱ्यांनी कृपया थांबावं. बहुतेकांचं शरीर त्याला हुसकावून लावतं, काहींच्यात तो टिकतो आणि कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. हा आकडा मला अजून झोपू देत नाही. एवढ्या वर्षांत एका साध्या तपासणीत तो सापडला असता.

तिच्या नावाने काहीतरी करावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. कुणी सभागृह सुचवलं, कुणी पारितोषिक. मला मात्र दोराबजी टाटा आठवत होते. १९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांनी पत्नीच्या नावे त्याच रोगाच्या संशोधनासाठी न्यास स्थापला. माझ्याकडे होती तिची शिल्लक आणि माझ्या निवृत्तीच्या रकमेतला काही भाग. तरी दिशा तीच धरली.

पहिल्या शिबिरात मी चुकलो. पैसे फक्त तपासणीला दिले. गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावलं की बदललेल्या पेशी मिनिटभरात पांढऱ्या दिसतात. प्रशिक्षित परिचारिकाही हे करू शकते. (पाळी गेलेल्या स्त्रियांना ही पद्धत पुरेशी नाही, त्यांच्यासाठी एचपीव्ही चाचणी बरी.) दोष आढळलेल्या काही जणी पुढच्या तारखेला आल्याच नाहीत. कुणाचा रोज बुडत होता, कुणाला सोबत नव्हती, कुणी घरी सांगितलंच नव्हतं. म्हणजे माझ्या देणगीने त्यांच्या पदरात फक्त भीती टाकली होती. आता निधीतून प्रवास, बुडालेली मजुरी आणि उपचार संपेपर्यंतचा खर्च दिला जातो, सोबत एक कार्यकर्ती जाते. तपासण्या कमी होतात, पण वाटेत कुणी सुटत नाही. आपल्या माणसाच्या स्मरणार्थ देणगी देणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : ‘दोष निघाला तर पुढे काय करता?’ हे संस्थेला आधी विचारा.

मुलींना ९ ते १४ या वयात लस द्यावी आणि तिशीनंतर काही त्रास नसतानाही तपासणी व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे पुरुषांनीही वाचावं. मी वाचलं नव्हतं.

घरच्यांची संमती असेल तिथे निधनवार्तेत रोगाचं नाव छापावं, ही आपणांस विनंती. पुढच्या महिन्यात तिचा स्मृतिदिन आहे. त्याचा मजकूर मी पाठवीन. त्यात ‘गर्भाशयमुखाचा कर्करोग’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल. ते कृपया तसंच राहू द्यावं.

आपला,
एक वाचक