माजघराच्या भिंतीला सिमेंट लावू नका

काउंटी मेयो, आयर्लंड
१४ सप्टेंबर २०२५

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

गणपतीत तुम्ही फोनवरून आरती दाखवलीत, तेव्हा माझं लक्ष सारखं मखराच्या मागच्या भिंतीकडे जात होतं. कमरेएवढ्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेत, खाली पांढरी पूड सांडलीय. बाबा म्हणाले, लोणा लागलाय, दिवाळीनंतर गवंडी येणार, सगळं खरवडून सिमेंटचा जाड हात देणार आणि वरून पाणी न शिरणारा रंग. मी बोलायचा प्रयत्न केला, पण घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि बाबांना फोनवर नीट ऐकूही येत नाही. म्हणून हे पत्र. आई, तू त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

बाबा, तो हात देऊ नका. का ते सांगते. गेली दोन वर्षं आम्ही दोघं या घरात तेच शिकतोय.

हे घर घेतलं तेव्हा तुम्ही विचारलं होतं, शंभर वर्षांचं दगडी घर कशाला, नवीन का नाही? तेव्हा मी नीट उत्तर दिलं नव्हतं. तीन खोल्या ओळीने, मधल्या खोलीत मोठी चूल, दोन फूट जाडीच्या भिंती. मला ते आपल्या घरासारखं वाटलं, एवढंच कारण होतं. घर कित्येक वर्षं बंद होतं. दोन वर्षांहून जास्त रिकाम्या घराच्या दुरुस्तीला इथलं सरकार ५० हजार युरोपर्यंत मदत देतं, घर अगदी मोडकळीला आलं असेल तर ७० हजारांपर्यंत. पण पैसे काम पुरं झाल्यावर हातात येतात, तोवर आपले घालायचे. म्हणून जमेल तेवढं काम स्वतःच्या हातांनी करतोय.

पहिल्या हिवाळ्यात फार हाल झाले. तेव्हा तुम्हाला काळजी नको म्हणून सांगितलं नाही. पलंगामागची भिंत हाताला ओली लागायची, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास, आई, तू दिलेल्या पैठणीच्या घडीवर बुरशीचे ठिपके. (ती पैठणी आता ठीक आहे, उन्हात नीट वाळवली.) आम्ही ओल दाबणारा रंग आणून फासला. दोन महिन्यांत ओल त्या रंगाच्या वर एक हात चढली.

आपल्याकडे कोकणात चार महिन्यांत जो पाऊस कोसळतो, त्याच्या निम्माही इथे वर्षभरात पडत नाही. पण आपला पाऊस एकदा गेला की गेला, पुढे आठ महिने भिंती उन्हात वाळतात. इथे पश्चिमेला वर्षातले सव्वादोनशे दिवस पाऊस असतो आणि डिसेंबरात उजेड जेमतेम साडेसात तास. भिंतीला वाळायची संधी मिळते ती थोडी थोडी, वाऱ्यावर. आणि नेमकी तीच वाट कोणीतरी बंद करून ठेवली होती.

हे आम्हाला समजावलं शेजारच्या आजोबांनी. त्यांचं वय ८१. त्यांनी आमच्या बाहेरच्या गिलाव्यावर काठीने ठोकलं, पोकळ आवाज आला. म्हणाले, या भिंती दगड आणि चुन्याच्या आहेत, वरचं सिमेंट मागाहून आलंय. जुन्या घराच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल वर चढायची आणि चुन्यातून बाहेर निघून जायची, दरवर्षी चुन्याची सफेदी व्हायची, घर कोरडं राहायचं. सिमेंट कडक, त्याला बारीक भेगा पडतात. भेगेतून पाणी आत जातं, पण पुन्हा बाहेर पडू शकत नाही. मग ते घराच्या आतल्या बाजूला वाट काढतं, येताना क्षार घेऊन येतं, आणि ते क्षार भिंतीवर फुलतात.

बाबा, हाच तो लोणा.

आपली माजघराची भिंत चिऱ्याची, मातीत बांधलेली. चिरा पाणी पितो हे तुम्हीच मला सांगायचात. आजी होती तोवर या भिंतीवर माती-शेणाचा गिलावा होता आणि खाली सारवलेली जमीन. तेव्हा पोपडे सुटलेले मला आठवत नाहीत. आई, तुला आठवतात का? मी दहावीला असताना आपण लादी बसवली, सिमेंटचा गिलावा केला, आणि मागच्या दारी भिंतीला टेकून काँक्रीट ओतलं. जमिनीची ओल आधी सारवणातून निघून जात होती. लादीखाली ती कोंडली आणि भिंतीकडे वळली असणार. आमच्याकडेही मधल्या खोलीत कोणीतरी असंच काँक्रीट ओतलेलं होतं. तुमची चूक झाली असं मी म्हणत नाही. तेव्हा सगळ्यांनी तेच केलं, इथेही आणि तिथेही, घर पक्कं व्हावं म्हणूनच.

२४ जानेवारीचं वादळ तुम्हाला आठवत असेल, एओविन नावाचं. शेजारच्या गॉलवे काउंटीत समुद्रकाठी ताशी १८४ किलोमीटर वारा मोजला गेला, या देशात नोंदलेला सगळ्यात जोराचा. साडेसात लाखांहून जास्त ठिकाणची वीज गेली. आमची नऊ दिवस नव्हती. विहिरीचा पंप विजेवर चालतो, त्यामुळे पाणीही बंद. मोबाइलचा मनोरा पडला होता, म्हणून तुम्हाला दोन दिवस फोन लागला नाही आणि आई जेवली नाही, हे मला नंतर ताईकडून कळलं.

त्या नऊ दिवसांत आजोबा रोज यायचे. रस्त्यात आडवी पडलेली झाडं आसपासच्या सहा घरांतल्या माणसांनी मिळून कापली. अशा कामाला इथे ‘मेहल’ म्हणतात. एकाच्या शेतावर सगळ्यांनी राबायचं, मग दुसऱ्याच्या. मी त्यांना इर्जिक समजावून सांगितलं, तर त्यांनी तो शब्द तीनदा म्हणून घेतला. आमच्या चुलीत टर्फ घातलं होतं, आजोबांच्या वाट्याच्या बोगमधून आणलेलं. बोग म्हणजे इथली काळी पाणथळ जमीन. उन्हाळ्यात तिच्या विटांसारख्या वड्या कापून वाऱ्यावर वाळवतात, आधी पसरून, मग चार-पाच एकमेकींना टेकवून उभ्या करून. गोवऱ्यांसारखंच काम. त्या आचेवर मी पिठलंभात केला आणि आजोबा, त्यांची बहीण, आम्ही दोघं मेणबत्तीत जेवलो. त्यांनी पिठलं दोनदा मागून घेतलं.

मेमध्ये कामाला लागलो. बाहेरचं सिमेंट छिन्नी-हातोड्याने उतरवलं, दगडाला धक्का न लावता. त्यातच सहा आठवडे गेले. सिमेंट निघालं तेव्हा आतला जुना चुना चिखलासारखा मऊ झालेला होता, बोटाने निघत होता. भिंतीभोवती माती साठून आतल्या जमिनीपेक्षा वर आली होती, ती फूटभर खाली नेली आणि खडी भरून चर काढला. पुष्कळशी ओल तर नुसत्या तेवढ्यानेच हटली. मग भिंत महिनाभर तशीच उघडी ठेवली.

चुन्याचं काम घाईचं नाही. सिमेंट काही तासांत धरतं, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगड होतो. भिंत आधी भिजवायची, पहिला हात देऊन त्यावर रेघा ओढायच्या, तो धरला की दुसरा. ऊन-वाऱ्याने फार लवकर सुकला तर त्याची पूड होते, म्हणून वरून ओलं गोणपाट टांगायचं. थंडी पाच अंशांखाली गेली तर काम बंद. डोळ्याला चष्मा हवाच, चुना डोळ्यात गेला तर फार वाईट. सफेदीचा चुना ताकासारखा पातळ करतात. लावताना काही दिसतच नाही, दगड तसाच राखाडी. वाटतं, काम फुकट गेलं. सकाळी उठून बघावं तर भिंत पांढरी. पाच हात दिले. परवाच पुरं झालं, फोटो सोबत पाठवतेय. पलंगामागच्या भिंतीला आता हात लावला तर ती कोरडी लागते. अजून एक हिवाळा जायचाय, पण मी रोज हात लावून बघते.

तर बाबा, एवढं करा. गवंड्याला आत्ता बोलावू नका. मागच्या दारचं भिंतीलगतचं काँक्रीट हातभर रुंदीत फोडून घ्या आणि पागोळ्यांचं पाणी लांब जाईल असं बघा. आतला सुटलेला गिलावा तेवढा काढा, पुढे काही लावू नका. भिंत उघडी दिसेल, लोक विचारतील, दिसू द्या. दिवाळीला त्या बाजूला पाट मांडू नका म्हणजे झालं. काँक्रीट तुम्ही स्वतः फोडायचं नाही, माणूस लावा. मी पैसे पाठवते.

आणि एक शोधून ठेवा. आपल्या आजोबांच्या वेळी किनाऱ्याला शिंपल्यांचा चुना भाजायचे, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचे, असं तुम्ही सांगायचात. त्याचं प्रमाण कोणाला आठवतं का ते विचारा. इथल्या आजोबांनाही ते ऐकायचंय. ते चुन्यात घोड्याचे केस घालतात, भेगा पडू नयेत म्हणून.

आई, मेथी उगवली. काचेच्या खोलीत तीन कुंड्या आहेत. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर ताईला सांग, माळ्यावर चढू नकोस.

मी १० जानेवारीला पोहोचते, तीन आठवडे आहे. भिंत आपण दोघं करू, बाबा. आपल्या आजोबांची लाकडी मुठीची थापी माळ्यावर आहे, पेटीच्या मागे. ती कोणाकडून तरी काढून ठेवा.

कळावे.

तुमची लेक