अश्दोदहून आई-बाबांना

ती. आई आणि ती. बाबांस,

शालोम.

आई, मागच्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, "दिवसभर कणीक मळायची, माती थापायची, पाण्यात खेळायचं, याला शाळा म्हणतात का गं?" आणि बाबा मागून म्हणाले, "अक्षरं कधी गिरवून घेता?" फोनवर मला धड सांगता आलं नाही. प्रश्न मात्र मनात घोळत राहिला, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे. बाबांना वाचायला सोपं जावं म्हणून अक्षर मोठं काढते.

आमच्या गानमध्ये, म्हणजे बालवाडीत, पस्तीस मुलं आहेत, चार-पाच वर्षांची. एक गनेनेत, म्हणजे मुख्य बाई, आणि मदतनीस म्हणून मी व आणखी एक जण. सकाळी साडेसातला दार उघडतं, दुपारी दोनपर्यंत वर्ग. इथे इस्रायलमध्ये तीन वर्षांपासूनचं शिक्षण सरकारकडून फुकट आहे, त्यामुळे सगळ्या घरांतली मुलं एकत्र येतात. कुणाची आजी मोरोक्कोची, कुणाचे आजोबा जॉर्जियाचे, कुणाचे आईवडील इथिओपियातून आलेले, दोन मुलं फ्रेंच बोलणारी. हिब्रूतला पहिला बालवर्ग 1898 मध्ये रिशोन लेझियोन गावात निघाला. मुलं तिथे जी भाषा शिकायची, ती त्यांच्या आयांनाही नीट येत नव्हती. आमच्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी आजही तशीच गत आहे. भाषा जिथे अडते तिथे हाताला काम दिलं की मूल आपोआप वर्गात मिसळतं, हे मी रोज बघते.

अक्षरांचं आधी सांगते, बाबा. पेन्सिल धरायला अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत जी ताकद लागते, ती या वयात मुलांकडे नसते. ती येते चिमटीने ऑलिव्ह वेचून, कात्रीने कागद कापून, कणकेच्या दोऱ्या वळून. म्हणून कणीक. शुक्रवारी सकाळी 'हल्ला' नावाच्या वेणीच्या पावासाठी पीठ चाळलं जातं, किडे-जाळी आहे का ते मुलं स्वतः बघतात, यीस्ट घातलेल्या पाण्यावर फेस आला की सगळी वाकून वास घेतात. मग प्रत्येकाला एकेक गोळा. लहान मुलं दोन दोऱ्यांना नुसता पीळ देतात, मोठी तीन पदरी वेणी घालतात. तू माझी वेणी घालायचीस तेव्हा "मान सरळ ठेव" म्हणायचीस. मी पोरांना "मधला पदर सैल सोड" म्हणते. तेही तुझंच.

शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचा, सोहळा वर्गात शुक्रवारी सकाळीच होतो. दर आठवड्याला एक मुलगी शब्बाथची आई आणि एक मुलगा शब्बाथचा बाबा. पांढरे कपडे, पांढरं टेबलक्लॉथ. आधी प्रत्येक जण दानपेटीत नाणं टाकतो, मग दिवे, मग द्राक्षरसाचा पेला, मग मुलांनीच वळलेला पाव. रस बाटलीतला असतो. एकदा मी गनेनेतला म्हटलं, आमच्या घरी हा रस मनुकांचा असायचा. ती लगेच म्हणाली, करू या. गुरुवारी काळ्या मनुका धुऊन भिजत घातल्या. शुक्रवारी मुलांनी बाह्या वर करून, हात धुऊन त्या पातेल्यात कुस्करल्या आणि मलमलच्या फडक्यातून पिळल्या. एक मुलगी फडकं सोडायला तयारच नव्हती, शेवटचा थेंब पडेपर्यंत पिळत राहिली. गुरुवारी रात्री तुझं ते पातेलं ओट्यावर झाकलेलं असायचं ना आई, त्याबद्दल मी त्या मुलांना सांगितलं. ठाणं कुठे, हे त्यांना नकाशावर दाखवलं.

नव्याच्या सणाला, म्हणजे यहुदी नववर्षाला, सफरचंद आणि मध, डाळिंब फोडून दाणे काढणं, शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, हातात घेऊन फुंकून बघणं. आवाज क्वचितच निघतो, पण शिंग पोकळ कसं असतं ते डोळा लावून सगळे बघतात. सुक्कोथला अंगणात मांडव, त्यावर खजुराच्या झावळ्या. पुरीमला खडखडे: रिकाम्या डब्यात डाळ-तांदूळ भरून झाकण चिकटवायचं आणि मगिल्ला, म्हणजे एस्तेर राणीची गोष्ट, वाचताना त्यातल्या दुष्ट हामानचं नाव आलं की वाजवायचं. डाळ घातली तर आवाज कसा, तांदूळ घातले तर कसा, यावर मुलांची बराच वेळ चर्चा चालते. पेसाहला घरात फुगलेल्या पिठाचं काही ठेवत नाहीत, म्हणून त्याआधी सगळी खेळणी अंगणात टबात घालून मुलंच घासतात. मग पाव-बिस्किटांचे तुकडे शोधायचे, टॉर्च घेऊन, कपाटाखाली पालथं पडून. मात्झा, म्हणजे न फुगवलेली भाकरी, लाटताना वाळूचं घड्याळ ठेवलेलं असतं, कारण पिठाला पाणी लागल्यापासून भट्टीत जाईपर्यंत अठरा मिनिटांच्या आत सगळं उरकावं लागतं. घाई म्हणजे काय, मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघालेल्या आपल्या लोकांचं पीठ का फुगलं नाही, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

पण मला सर्वांत जास्त सांगायचंय ते हनुक्काचं, दिव्यांच्या सणाचं.

बाबा, तुम्ही सांगायचात की आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, पूर्वजांना हनुक्का माहीतच नव्हता, तो आपल्याकडे पुष्कळ नंतर, बाहेरच्या यहुद्यांशी गाठ पडल्यावर आला. त्यामुळे मलाही तो कधी पेसाहइतका आपला वाटला नव्हता. यंदा गनेनेतने ऑलिव्हचं तेल मुलांकडून काढून घ्यायचं ठरवलं. काळी पिकलेली फळं आणली. एकाने चावून बघितलं आणि थुंकलं, ताजं ऑलिव्ह भयंकर कडू असतं. सपाट दगडावर ठेवून, दुसऱ्या दगडाने ठेचायचं. हात जांभळे, एप्रन जांभळे. तो लगदा फडक्यात बांधून पिळला तर तपकिरी गढूळ पाणी आलं. तेल कुठेच दिसेना. ते पाणी काचेच्या उंच बरणीत ठेवलं आणि मुलं फळं खायला बसली. परत येऊन बघतात तर वर एक पातळ सोनेरी थर. चमच्याने अलगद काढलं, जेमतेम दोन-तीन चमचे झालं. पस्तीस मुलांच्या सकाळभराच्या मेहनतीचं तेवढंच. इथिओपियन घरातला एक मुलगा बरणीकडे बघत म्हणाला, "मग त्यांच्याकडे एकच कुपी होती, यात काही आश्चर्य नाही." यरुशलेमच्या मंदिरात दिव्यासाठी तेलाची एकच छोटी कुपी उरली आणि ती आठ दिवस पुरली, ही गोष्ट मी कित्येकदा ऐकली आहे, पण तेल किती मोलाचं असतं ते मला त्या पोराने दाखवलं.

तेव्हा मी मुलांना सांगितलं की माझ्या पणजोबांचे लोक कोकणात घाण्यावर तेल काढायचे. बैल गोल फिरायचा, लाट फिरायची, तीळ-खोबरं रगडलं जायचं. आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणायचे. मुलांचे प्रश्न संपेनात. बैलाचे डोळे बांधायचे का? शनिवारी बैल काय करायचा? त्यालाही सुट्टी, मी म्हटलं, आपल्या धर्मग्रंथात, तोराहमध्ये, जनावरालाही विसावा सांगितलाय. दुसऱ्या दिवशी एकाने ठोकळ्यांचा घाणा केला आणि रबरी गाय त्याभोवती फिरवली.

वाती कापसाच्या, मुलांनी वळलेल्या. मी तुझ्यासारखं मांडीवर घासून दाखवलं. हनुक्कियाह, म्हणजे हनुक्काची नऊ दिव्यांची दिवली, मातीची, प्रत्येकाची आपली. याबाबत माझं मत पक्कं आहे. काही ठिकाणी बायाच कार्डबोर्ड कापून, सोनेरी रंग देऊन तयार ठेवतात, मूल फक्त नावाची चिठ्ठी चिकटवतं, आणि भिंतीवर पस्तीस सारख्या वस्तू टांगल्या जातात. आयांना फोटो छान मिळतो. मुलाच्या हाती काही लागत नाही. आमच्याकडच्या हनुक्कियाह वाकड्या असतात. एकीला नऊच्या ऐवजी अकरा खाचा होत्या. मुलीने मोजून बघितल्या, दोन बुजवल्या, परत मोजल्या. गणित असंच येतं, बाबा. ज्योत अर्थात गनेनेतच लावते, वाळूच्या तबकात ठेवून.

आणखी एक गोष्ट तुमच्यासाठी, बाबा. इथल्या बऱ्याच गानच्या अंगणात भंगाराची जागा असते. बेत शआन खोऱ्यात स्दे एलियाहू नावाचा किबुत्झ, म्हणजे सामुदायिक वसाहत, आहे, तिथे मल्का हास नावाच्या बाईंनी ही पद्धत रुजवली. त्यांचं म्हणणं, मुलांना प्लास्टिकची नकली दुनिया देऊ नका, मोठ्यांच्या हातून उतरलेल्या खऱ्या वस्तू द्या. आमच्याकडे जुनी पातेली, टायर, फळ्या, टाइपरायटर, बंद पडलेला टेलिफोन, एका बसचं स्टीअरिंग आहे. काच आणि धारदार पत्रा आम्ही आधीच बाजूला काढतो. रोज तिथे काहीतरी नवं उभं राहतं. परवा त्यांनी फळ्या आणि टायरांची आगबोट केली, कारण एकीने सांगितलं की तिची आजी बोटीने आली. तुम्ही वर्कशॉपमधून घरी आल्यावर माळ्यावरची हत्यारांची पेटी काढायचात आणि मला बोल्ट आणि नट जुळवायला द्यायचात. माझ्या त्या दुपारी तुम्हाला आठवतात की नाही, माहीत नाही. मला आठवतात. पोरं पान्याशी झटत असतात तेव्हा मी घाईने मदतीला धावत नाही, कारण तुम्ही धावत नव्हता.

आई, "मला काय येतं, मी जुनी अकरावी" असं तू परत म्हणू नकोस, हे तुला मी खरोखर कळकळीने सांगते. पीठ कितपत सैल हवं हे बोटाला कळणं, निवडणं, वळणं, पिळणं, सणाआधी घर घासून काढणं, बिरड्याच्या सणाला वाल सोलत बसणं, हे सगळं मी तुझ्याबरोबर केलं. त्यासाठी इथे अभ्यासक्रम आहेत, पदव्या आहेत, आणि असाव्यातच, कारण पुष्कळ घरांत आता हे उरलेलं नाही. मी प्रशिक्षणाला गेले तेव्हा निम्म्या गोष्टी मला आधीच येत होत्या.

आता मुद्द्याचं. तू बिश्वात, म्हणजे झाडांचा सण, जवळ आलाय. त्या दिवशी गानमध्ये रोपं लावतात. ही रीतही एका शिक्षकानेच पाडली, 1890 मध्ये झिख्रोन याकोव्हला आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन झाडं लावून. बदामाची झाडं आता फुलायला लागतील. सिग्द या त्यांच्या सणाला इथिओपियन आज्यांनी दाबो पाव करून दाखवला होता, पेसाह संपला की मोरोक्कन घरची एक आई येऊन मुफलेता, म्हणजे पातळ पोळ्या, लाटते. गनेनेतने मला विचारलं, तुमच्यात या दिवशी काय करतात? मी म्हटलं, एलियाहू हनबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या, नावाने गोड पोह्यांचा मलिदा. तिला मी अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या त्या खडकाबद्दल सांगितलं, जिथून त्याचा रथ आकाशात गेला असं आपले लोक मानतात आणि जिथे तुम्ही दोघं मला लहानपणी न्यायचात. ती म्हणाली, मग या वर्षी मुलांनी मलिदा करायचा.

तेव्हा तुझ्याकडून मला माप हवंय. तू वाटी-चमचा सांगणार नाहीस, मूठ आणि पसा सांगशील. तसंच सांग, मुलांना मुठींचं माप जास्त कळतं. अडचणी दोन. पाच वर्षांखालच्या मुलांना इथे अख्खे बदाम-पिस्ते द्यायला मनाई आहे, ठसका लागतो म्हणून, आणि एका मुलाला बदाम-काजूंची अॅलर्जीही आहे. त्यामुळे बदाम, पिस्ते, काजू काही नाही. त्याऐवजी खजूर बारीक चिरून आणि मनुका घातल्या तर चालेल ना? आणि घरून शिजवून काही नेता येत नाही, कोशेरचा, म्हणजे खाण्याच्या धार्मिक शुद्धतेचा, नियम आहे, म्हणून पोहे भिजवण्यापासून सगळं वर्गातच करणार. नारळ तिथेच फोडू, पाणी प्रत्येकाला घोटभर. खवणी मी घरून नेणार नाही, नवी आणते. पोहे निवडायचं काम मुलांचं. ताटाभोवती पाच फळं मांडायची, ती कुठली ते मुलांनीच ठरवायचं असं गनेनेत म्हणते. द्राक्षं असली तर उभे चार तुकडे करून.

माझी इच्छा आहे की त्या सकाळी तू व्हिडिओवर यावंस. आमचे साडेनऊ म्हणजे तुमचा दुपारचा एक, म्हणजे जेवण थोडं लवकर आटपा. तू मराठीतच बोल, मी मुलांना सांगत जाईन. बाबा, तुम्ही बाराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, म्हणा, तुमच्या चालीत, इथल्या चालीत नको. मुलांना दोन्ही ऐकू देत.

शेजारच्या मुलाला फोन लावून द्यायला सांगा, आणि एकदा आदल्या दिवशी जोडून बघू. बाबांच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, इथून येणाऱ्या कुणाबरोबर मलम पाठवते. आईने मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलू नये. पोह्यांचं माप पत्राने न कळवता फोनवरच सांग, पातळ पोहे घ्यायचे की जाड तेही.

तुमची लेक