भाऊ, बाबांच्या रविवारांसाठी

प्रिय भाऊ,

"माह्यं नाव कोठी टाकू नोको ताई," असं तुम्ही फोनवर बजावलं, म्हणून नाव लिहीत नाही. पण पत्र मात्र चारचौघांसमोरच लिहायचं होतं. बाबांसाठी तुम्ही जे केलं तेही चारचौघांसमोरच केलं, दर रविवारी, नऊ वर्षं. आणि दफनाच्या दिवशी मी तुमच्याशी धड दोन शब्दही बोलले नाही.

अडुसष्टाव्या वर्षापर्यंत बाबा सायकलनेच परतवाड्याला चर्चला जायचे. इस्त्रीचा शर्ट, काळा कोट, हँडलला अडकवलेल्या पिशवीत बायबल. 2016 मध्ये नाल्याच्या उतारावर पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हातात काठी आली, सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. मी नागपूरला. फोनवर एवढंच म्हणू शकले, "बाबा, घरीच प्रार्थना करत जा." त्यांनी "बरं" म्हटलं. पुढच्या रविवारी सव्वाआठला तुमचा ऑटो दारात उभा. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

रविवार म्हणजे तुमच्या कमाईचा दिवस, हे मला तेव्हा सुचलंच नाही. 20 डिसेंबरपासून बहिरमची यात्रा सुरू झाली की रविवारी रोडगे आणि हंडीतल्या मटणासाठी सारा जिल्हा तिकडे लोटतो. ऑटोवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या दिवसांतसुद्धा तुम्ही आधी बाबांना चर्चला नेलं, भक्ती संपेपर्यंत थांबलात, घरी आणून सोडलंत आणि मगच बहिरमच्या रस्त्याला लागलात.

बाबांची हिशेबाची वही माझ्याजवळ आहे. फौजी माणूस, आगपेटीसुद्धा लिहून ठेवायचे. रविवारच्या रकान्यात ओळीने दिसतं, "ऑटो 60. घेतले नाहीत." "ऑटो 60. घेतले नाहीत." मग एखाद्या ठिकाणी, "ऑटो 60. मी रागावलो, तेव्हा घेतले." मी पानं उलटत गेले आणि किती रविवार झाले ते मोजायचं सोडून दिलं.

पाळकसाहेबांनी मला सांगितलं की पहिले काही महिने तुम्ही बाहेर लिंबाखाली बसायचे. मग त्यांनीच तुम्हाला आत बोलावलं. पुढे बाबांना बारीक अक्षर दिसेना, तेव्हा गीताचा नंबर काढून पहिली ओळ तुम्ही त्यांच्या कानात सांगायचे. तेविसावं स्तोत्र तुम्हाला ऐकून ऐकून पाठ झालं. तुम्ही तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना न चुकवणारे. बाबाही त्या प्रार्थनेला टोपी काढून कडेला उभे राहायचे. त्यांना यात कधी काही वेगळं वाटलं नाही. ते ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये होते, जिथे सगळ्या जातीधर्मांचे जवान एकाच पलटणीत असतात आणि मंदिर परेडला सगळे मिळून जातात. "पहला हमेशा पहला" हे त्यांच्या रेजिमेंटचं ब्रीद. आम्हा पोरांना ते फक्त परीक्षेच्या वेळी ऐकवायचे.

एप्रिल 2020 ची ती गोष्ट तुम्ही मला कधीच सांगितली नाही, शेजारच्या काकूंनी सांगितली. लॉकडाउन होता, 12 तारखेला पुनरुत्थानाचा सण, चर्च बंद. बाबा कोट घालून अंगणात खुर्ची टाकून बसले होते. तुम्ही तोंडाला दुपट्टा बांधून आलात आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलात. ते एकटेच गायले आणि तुम्ही ऐकलंत. मी त्या दिवशी फोन केला होता, पण नंतर, दुपारी.

आणि लढाई. घरी बाबांनी 1971 च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धाबद्दल कधी तोंड उघडलं नाही. आई विचारायची, ते उठून बैलांना पाणी पाजायला जायचे. अंत्यविधीच्या आदल्या रात्री मी त्यांची पदकं शोधत होते. तुम्ही म्हणाले, "ट्रंकेत पाह्य ताई, जुन्या कोटाच्या आतल्या खिशात." तिथेच होती. पूर्वी स्टार आणि संग्राम पदक. मग ओट्यावर बसून तुम्ही मला आखौऱ्याच्या लढाईचं सांगितलं, आताच्या बांगलादेशातलं ते गाव. दोन्हीकडे दलदल, मधून रेल्वेचा बांध, डिसेंबरची थंडी. अल्बर्ट एक्का यांचंही सांगितलं. तेही गार्ड्सचेच, 14 व्या बटालियनचे, आणि ख्रिस्ती. 3 डिसेंबरला आखौऱ्याजवळच्या गंगासागरला लढताना गेले आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं. दर वर्षी त्या तारखेला बाबा तुम्हाला ऑटो थांबवायला लावून रस्त्याच्या कडेला दोन मिनिटं उभे राहायचे, हे मला वयाच्या पन्नाशीत तुमच्याकडून कळलं. त्या रात्री तुमचा थोडा रागही आला होता. आज सांगते, कारण तो राग तुमच्यावरचा नव्हताच.

पोळ्याच्या आधी चार दिवस बाबांचं दफन. पाऊस थांबेना. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात खड्डा टिकत नाही, कडा ढासळतात आणि खालून पाणी झिरपतं. तुम्ही वावरातलं डिझेल इंजिन कबरस्थानात नेलं, उजाडेपर्यंत पाणी उपसलं, गावातल्या पोट्ट्यांना घेऊन कडांना फळ्या लावल्या. परतवाड्याच्या सुताराला उठवून सागाची पेटीही तुम्हीच करून आणली. सकाळी तालुक्यातले माजी सैनिक पदकं लावून आले, त्यांनी सलामी दिली. बाबा कोरड्या जमिनीत गेले. हे कोणामुळे, ते मला ठाऊक आहे.

त्यानंतर मी पैशाचं विचारलं तेव्हा तुम्ही ऑटो सुरू केला आणि निघून गेले. आता विचारणार नाही.

एक काम मात्र सांगते. माती बसायला एक उन्हाळा जावा लागेल, असं पाळकसाहेब म्हणतात. मे महिन्यात दगड बसवू. त्यावर नाव, हुद्दा, रेजिमेंट आणि आर्मी नंबर टाकायचा आहे. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्याच्या वेळी बँकेत, आणि औषधांसाठी माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, ईसीएचएसच्या, खिडकीवर, त्यांचा नंबर तुम्हीच सांगायचे. तुम्हाला तो पाठ आहे, मला नाही. तेवढा कळवा.

तुमची,
ताई