म्हैसमाळचे प्रक्षेपण गच्चीपर्यंत येते, पुढे अडते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दूरदर्शनचे जुने ॲनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद करून त्याच्या जागी डिजिटल भूप्रक्षेपण आणावे आणि त्यात खासगी प्रसारकांनाही वाव द्यावा, अशा शिफारशी ‘ट्राय’ने, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, 31 जानेवारी 2017 रोजी केल्या. महानगरांसाठी 31 डिसेंबर 2019, दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी 31 डिसेंबर 2021 आणि उरलेल्या देशासाठी 31 डिसेंबर 2023 अशा मुदती त्यात सुचवल्या आहेत. 2011 च्या जनगणनेत औरंगाबादची लोकसंख्या पावणेबारा लाख भरली होती, म्हणजे आपले शहर दुसऱ्या टप्प्यात येते. या विषयावर माझ्या वाचनात आलेली चर्चा मात्र खासगी वाहिन्या येणार की नाही, एवढ्यापुरतीच राहिली. हे प्रक्षेपण आपल्या शहरात आज, मार्च 2017 मध्ये, चालू आहे, आणि तरीही ते घेणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी का आहेत, याबद्दल थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी.

डिजिटल भूप्रक्षेपण म्हणजे उपग्रह किंवा केबल यांच्या आधाराशिवाय डोंगरावरच्या (आपल्याकडे म्हैसमाळच्या) मनोऱ्यावरून थेट आपल्या अँटेनावर येणारे प्रक्षेपण. दूरदर्शनने ते फेब्रुवारी 2016 मध्ये देशातील सोळा शहरांत सुरू केले आणि त्या यादीत महाराष्ट्रातून मुंबईबरोबर औरंगाबादला स्थान मिळाले. पुणे आणि नागपूर पहिल्या यादीत नव्हते, हे येथे मुद्दाम नोंदवतो, कारण आपल्याला मिळालेली गोष्ट किती मोलाची आहे याची आपल्यालाच कल्पना नाही. ॲनालॉग पद्धतीत जेवढ्या जागेत एक वाहिनी कशीबशी मावत असे, तेवढ्याच जागेत आता डीडी नॅशनल, डीडी न्यूज, डीडी भारती, डीडी स्पोर्ट्स आणि प्रादेशिक किंवा किसान अशा पाच वाहिन्या स्वच्छ दिसतात. महिन्याचे भाडे द्यावे लागत नाही, रिचार्ज संपण्याची भीती नसते, आणि मुसळधार पावसात छत्रीच्या डिशवरचे चित्र गोठते तसे येथे होत नाही, कारण या लहरींना पावसाच्या धारांचा फारसा अडथळा होत नाही.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्सचा निदेशक म्हणून आयुष्य काढले. एवढे असूनही माझ्या स्वतःच्या घरी हे चित्र नीट यायला सव्वादोन महिने लागले. गेल्या एप्रिलमध्ये मी बत्तीस इंची एलईडी टीव्ही घेतला. विक्रेत्याला मी स्पष्ट विचारले होते की, याच्यात डिजिटल ट्यूनर, म्हणजे डिजिटल लहरी पकडणारा भाग, आहे ना? त्याने ‘सगळेच डिजिटल आहे, साहेब’ असे सांगितले आणि मी विश्वास ठेवला. घरी आल्यावर पुस्तिका उघडली, तेव्हा कळले की भूप्रक्षेपणासाठी त्या संचात फक्त ॲनालॉग ट्यूनर आहे. आपल्याकडचे प्रक्षेपण डीव्हीबी-टी2 या पद्धतीचे आहे. तो टी2 ट्यूनर संचात नसेल, तर डोक्यावर म्हैसमाळचा मनोरा आणून उभा केला तरी पडद्यावर काहीही उमटणार नाही. विक्रेत्याने फसवले असे मी म्हणणार नाही, कारण त्यालाही फरक ठाऊक नव्हता. पण खोक्यावर हा एक शब्द ठळकपणे छापणे सक्तीचे असते, तर आम्हा दोघांचाही गैरसमज टळला असता. शेवटी पुतण्याने मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून टी2 सेट टॉप बॉक्स आणून दिला.

खरी परीक्षा त्यानंतर गच्चीवर झाली. आमच्या गच्चीवर जुना अँटेना गंजत उभाच होता. त्याच्या दांड्या दीड-पावणेदोन हात लांबीच्या, म्हणजे व्हीएचएफ या लांब लहरींच्या मापाच्या होत्या. डिजिटल प्रक्षेपण यूएचएफ या आखूड लहरींच्या पट्ट्यात येते. त्या लहरीची लांबी साठ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि अँटेनाची दांडी तिच्या साधारण निम्मी, म्हणजे वीतभराहून थोडी मोठी लागते. लांब दांड्यांवर ही आखूड लहर नीट पकडली जात नाही. वर्षानुवर्षे ज्या अँटेनाने आपल्याला चित्र दिले, तोच येथे निरुपयोगी ठरतो हे लोकांना सांगितल्याशिवाय कसे कळणार? मी बारा दांड्यांचा यूएचएफ अँटेना आणून पाईपवर चढवला आणि बॉक्सला आपोआप वाहिन्या शोधायला लावले. एकही वाहिनी सापडली नाही.

चूक दिशेची होती. म्हैसमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे आणि सिडकोतून सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटरवर, वायव्येला आहे. मी मात्र अँटेना सवयीने दौलताबादच्या किल्ल्याकडे रोखला होता, कारण म्हैसमाळला जाणारा आपला रस्ता त्या बाजूने जातो. लहरी रस्त्याने येत नाहीत. हवा स्वच्छ असताना गच्चीवरून किल्ला दिसतो. हात समोर ताणून मूठ धरली, तर किल्ल्यापासून उजवीकडे दोन-तीन मुठींवर म्हैसमाळची दिशा येते. तेवढा पाईप फिरवला आणि पडद्यावरची गुणवत्तेची पट्टी शून्यावरून एकदम वर सरकली.

येथे ॲनालॉग आणि डिजिटल यांतला जो मूळ फरक आहे, तो प्रत्येक घराला समजायला हवा असे मला मनापासून वाटते. ॲनालॉग चित्र हळूहळू बिघडत असे. अँटेना थोडा हलला की मुंग्या वाढत, डोंगरावरून आपटून आलेल्या लहरींमुळे माणसाच्या शेजारी त्याची फिकट सावली दिसे, पण बातम्या ऐकू येत, आणि कोणी तरी गच्चीवर चढून ‘आता आलं का?’ असे विचारत अँटेना फिरवी, तेव्हा खालच्याला सुधारणा दिसत असे. डिजिटलमध्ये असे अधलेमधले काही नसते. लहर एका मर्यादेच्या वर असेपर्यंत चित्र चोख असते आणि तिच्याखाली गेली की आधी चौकोन तुटतात आणि मग पडदा काळा होतो. त्यामुळे अँटेना पाच अंशांनी चुकला आहे की शहरात प्रक्षेपणच नाही, हे काळ्या पडद्यावरून ओळखता येत नाही. सामान्य माणूस दुसरा निष्कर्ष काढतो आणि बॉक्स माळ्यावर टाकून देतो. माझ्या ओळखीच्या चार घरांत हेच झाले. त्या चारही घरांत मी स्वतः जाऊन पाहिले, तर एके ठिकाणी अँटेना पाण्याच्या भरलेल्या टाकीमागे होता, दुसऱ्या ठिकाणी दांड्या उभ्या बसवल्या होत्या आणि उरलेल्या दोन ठिकाणी वायरच्या टोकाशी हिरवट गंज चढला होता.

वायरबद्दल दोन शब्द. पूर्वीची चपटी दोन तारांची वायर आता वापरू नये. गोल, जाळीची कोॲक्सिअल वायर, शक्यतो आरजी-6 जातीची, एकसंध घ्यावी, मध्ये जोड देऊन चिकटपट्टी गुंडाळू नये, आणि अँटेनाच्या डबीत शिरण्यापूर्वी वायरला खालच्या बाजूने एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी वायरवरून ओघळून आत न जाता वळशावरूनच खाली गळते. माझे चित्र मे महिन्यात उत्तम होते आणि जुलैच्या पहिल्या झडीत तुटू लागले. पावसाला दोष देणार होतो, पण कारण शेजारचा कडुनिंब निघाला. पाने भिजली की तो नेमका म्हैसमाळच्या दिशेने ओल्या पडद्यासारखा आड येत होता. पाईप दीड मीटर उंच केला आणि अँटेना दोन विती डावीकडे सरकवला, त्यानंतर आजपर्यंत चित्र तुटलेले नाही.

त्याआधी एका दुरुस्तीवाल्याच्या सल्ल्याने मी बूस्टरही, म्हणजे लहरीची ताकद वाढवणारे उपकरण, लावून पाहिला होता. टीव्हीच्या मागे तो लावताच ताकदीची पट्टी नव्वदीला गेली आणि गुणवत्तेची पट्टी होती त्याहून खाली आली. बूस्टर लहरीबरोबर गोंगाटही तितकाच वाढवतो आणि त्यात स्वतःची भर घालतो. आलेली लहर जोरकस असेल, तर बॉक्सला ती सोसवतही नाही. पंचवीस किलोमीटरवर, मध्ये आडोसा नसेल, तर त्याची गरज नाही. दूरच्या गावात लागलाच, तर तो वर अँटेनापाशी बसवावा, म्हणजे वायरमध्ये लहर क्षीण होण्याआधी तिला बळ मिळते. ताकद पाहू नये, गुणवत्ता पाहावी, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत असे आणि स्वतः मात्र त्या दिवशी विसरलो होतो.

हे सारे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण आमच्या शेजारच्या काकू आहेत. त्यांना वयाची ऐंशी वर्षे होऊन गेली आहेत. मुलगा परगावी असतो, आणि केबलचे पैसे दर महिन्याला कोणाकडे तरी द्यायचे, हे त्यांना जमत नाही. त्यांच्या गच्चीवर मी ऑगस्टमध्ये असाच अँटेना लावून दिला. डीडी भारतीवर शास्त्रीय गायन लागले की त्या स्वयंपाकघरातला दिवा मालवून बाहेर येऊन बसतात. मोबाइलवर डोंगल लावून हेच प्रक्षेपण इंटरनेटच्या खर्चाशिवाय पाहता येते, हे शहरात खोल्या घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल? ज्यांना भाडे परवडते त्यांच्यापुढे चार पर्याय आहेत. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी हा मोजक्या पर्यायांपैकी एक आहे, आणि तो माहितीच्या अभावी वाया जात आहे. उद्या हिशेब मांडताना ‘प्रेक्षक नाहीत’ असा शेरा मारून मनोरेच बंद केले गेले, तर तो या घरांवर अन्याय ठरेल, कारण प्रक्षेपण नाकारण्याची संधीसुद्धा त्यांना मिळालेली नसेल.

म्हणून ॲनालॉग बंद करण्याची तारीख ठरवण्यापूर्वी संबंधितांनी तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. डीव्हीबी-टी2 ट्यूनर आहे किंवा नाही, हे प्रत्येक टीव्हीच्या खोक्यावर मराठीत आणि हिंदीत छापणे बंधनकारक करावे. आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स अभ्यासक्रमात यूएचएफ अँटेना बसवण्याचे प्रात्यक्षिक घ्यावे. त्यासाठी लागणारे साहित्य अत्यल्प आहे, आणि विजेच्या तारांपासून अंतर कसे राखावे व पाईपला अर्थिंग कसे द्यावे, हेही मुलांना त्यातच शिकता येईल. तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आहे. प्रत्येक केंद्राने आपला चॅनेल क्रमांक, वारंवारता, दांड्या आडव्या हव्यात की उभ्या, आणि शहराच्या प्रमुख वस्त्यांतून मनोरा कोणत्या दिशेला येतो, एवढी माहिती एका कागदावर जाहीर करावी.

या तिसऱ्या कामात आपले वृत्तपत्र मोठा हातभार लावू शकते. म्हैसमाळच्या केंद्राकडून ही माहिती अधिकृतपणे मागवून ती पावसाळ्यापूर्वी एका रविवारी ठळक चौकटीत छापावी. सिडको, गारखेडा, पडेगाव, हर्सूल आणि वाळूज या पाच ठिकाणांहून दिसणारी दिशा बाणाने दाखवावी, म्हणजे कात्रण हातात घेऊन कोणालाही गच्चीवर जाता येईल.

आपला,
इलेक्ट्रॉनिक्सचा एक निवृत्त निदेशक
सिडको, औरंगाबाद
मार्च 2017