मटणाचं पातेलं रात्रभर ठेवताना

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या रविवार पुरवणीत चुलीवरच्या मटणावर लेख आला होता, वाचला, फोटो पण झकास होता. त्यात एक वाक्य होतं, की रात्री चुलीवर ठेवून द्यायचं, सकाळपर्यंत आपोआप मुरतं. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहायला बसले आहे. लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही, चवीचं त्यांनी जे लिहिलंय ते सगळं खरंच आहे. पण "ठेवून द्यायचं" हे दोन शब्द वाचून कुणीतरी तसंच करणार, आणि आता दोन महिन्यात आपल्याकडं गावोगावी यात्रा सुरू होतील, एकेका घरात दोनशे-तीनशे पाव्हणे जेवणार, म्हणून राहवलं नाही.

आमच्या माहेरी, खानापूर तालुक्यात, पाया रात्रीच चढायचा. आजी संध्याकाळी पाये जाळावर भाजून घ्यायची, सुरीनं खरवडून खरवडून पांढरे करायची, पहिलं उकळीचं पाणी ओतून टाकायची आणि मग जाड बुडाच्या टोपात आलं, लसूण, उभा चिरलेला कांदा, मिरी, लवंगा, दालचिनी, हळद, मीठ आणि भरपूर पाणी. झाकणाच्या कडेला कणीक लावायची. रात्री नऊला चुलीवर एकदा दणदणीत उकळी फोडायची आणि मग टोप वैलावर सरकवायचा. सकाळी भाकरीबरोबर तो पाया वाढला की बोटं एकमेकांना चिकटायची, आणि उरलेला रस्सा गार झाला की वाटी हलवल्यावर थरथर करायचा. हाडाजवळच्या शिरा, सांध्यातला चिकट भाग, ह्यात कोलॅजन असतं, ते मंद आचेवर पाण्यात तासन् तास राहिलं की त्याचं जिलेटिन होतं, म्हणून तो थरथरणारा रस्सा. मांडीचं, खांद्याचं, नळीचं मटण जे घाईत शिजवलं की चामड्यासारखं लागतं ते पण असंच मऊ होतं. कुकरात होतं की चाळीस मिनिटात, मी पण रोजच्याला कुकरच लावते, पण मला विचाराल तर त्या रात्रीच्या टोपाची चव कुकरला नाही.

पण आजी रात्री दोनदा उठायची. हे मला त्यावेळी दिसायचं पण कळत नव्हतं. बाराला एकदा आणि तीन-साडेतीनला एकदा, "जरा लाकूड सरकवून येतो" म्हणत अंधारात चुलीपाशी जायची, राखेत गाडलेले निखारे उकरायची, बाभळीचं एखादं लाकूड नाहीतर दोन शेणी लावायची, टोपाजवळ कान नेऊन ऐकायची. आतनं बुड बुड आवाज आला पाहिजे. आवाज येत असेल तर परत येऊन झोपायची, नसेल तर येईपर्यंत तिथंच बसायची. म्हणजे टोप रात्रभर शिजत होता, नुसता ठेवलेला नव्हता. दिल्ली-लखनौकडची निहारी पण रात्रभर शिजवून सकाळी खातात ना, तिथं पण देगेखालचा विस्तव कुणीतरी सांभाळतंच की.

आता जे घडलं ते सांगते. नातेवाईकांकडं जावळाचा कार्यक्रम होता, गावाचं नाव लिहीत नाही. चाळीस किलो मटण. दुसऱ्या दिवशी दुपारी पंगती, सकाळी घाई नको म्हणून रात्रीच शिजवून घेतलं, साडेअकराला मटण शिजलं, आचाऱ्यानं लाकडं ओढली, झाकण टाकलं, वर दगड ठेवला, आणि गरम राहावं म्हणून पातेल्याभोवती पोती गुंडाळली. सगळे दमले होते, झोपले. सकाळी सहाला मी स्वतः झाकण काढलं, वर तांबडा कट जमलेला, वास एकदम फस्क्लास, आणि पळी बुडवून रस्सा हातावर घेतला तर कोमट. अंघोळीच्या पाण्यासारखा. दुपारी बाराला परत चुलीवर ठेवलं, वाफ यायला लागली, कुणीतरी म्हणालं झालं गरम, वाढा.

रात्री आठ-नऊपासून पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले. पहाटेपर्यंत पंचवीसेक माणसं. उलट्या जवळजवळ कुणाला नाहीत, ताप नाही, नुसत्या पिळवटून काढणाऱ्या कळा. माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, त्यांना दोन बाटल्या सलाईन लावावं लागलं, आणि त्या रात्री त्यांचा हात धरून बसले होते तेव्हा तो हात किती गार पडला होता ते मी विसरणार नाही. देवाच्या दयेनं सगळे दोन दिवसात बरे झाले.

आणि मग सुरू झालं दोष देणं. पहिल्यांदा विहिरीचं पाणी. मग तेल. मग नजर लागली. आणि शेवटी सगळ्यांनी मिळून मटण देणाऱ्याला धरलं, की त्यानं आदल्या दिवशीचं मटण खपवलं म्हणून. त्या माणसानं आमच्यासमोर बकरी कापली होती, मी बघितलं होतं, तरी गावात चार महिने त्याच्याकडं कोण गेलं नाही. हे मला आजारपणापेक्षा जास्त लागलंय.

खरं म्हणजे पुरावा आमच्या घरातच होता. त्याच रात्री मागच्या अंगणात माझ्या काकूनं पाया चढवला होता, आजीच्या पद्धतीनं, ती रात्री उठून जाळ घालत होती. सकाळी आम्ही घरच्या सहा बायकांनी तो पाया-भाकरी खाल्ली, आणि दुपारी वाढण्याच्या गडबडीत मटण आमच्या वाट्याला आलंच नाही, नुसता भात आणि दही खाल्लं. आम्हा सहांपैकी एकीला पण काही झालं नाही. तेच पाणी, तीच बकरी, तोच मसाला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई कन्नड बोलणाऱ्या होत्या, त्यांनी आचाऱ्याला विचारलं सकाळी काय केलं, तो म्हणाला गरम केलं. त्या म्हणाल्या, "बिसी अल्ल, कुदीबेकु." नुसतं गरम नाही, खळखळून उकळलं पाहिजे. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं आणि पुढं मी पण वाचलं, ते माझ्या भाषेत लिहिते.

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स म्हणून एक जंतू असतो, मातीत असतो, जनावराच्या आतड्यात असतो, त्यामुळं कच्च्या मटणावर थोडा असणारच, कितीही स्वच्छ दुकान असू दे. मटण शिजलं की जंतू मरतो पण त्याचे बीजाणू, म्हणजे जाड कवचात झोपलेलं त्याचं रूप, उकळीत पण टिकतात. आणि पातेलं हळूहळू निवायला लागलं की ते जागे होतात. 43 ते 47 डिग्रीला त्यांची वाढ सगळ्यात जोरात, दहा मिनिटात एकाचे दोन होऊ शकतात, म्हणजे एका जंतूचे दोन तासात 4096. त्यात त्याला हवा लागत नाही, उलट हवा नसली तर बरं. उकळून उकळून रस्स्यातली हवा गेलेली, वर कटाचा थर, वर झाकण, वर पोती. आम्ही प्रेमानं त्याच्यासाठीच बिछाना घातला होता हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला. खाल्ल्यावर 6 ते 24 तासात कळा सुरू होतात, आमचं अगदी तसंच झालं. आणि वास बिघडत नाही, चव बिघडत नाही, म्हणून चाखून कळलं असतं हा समज सोडा.

5 ते 60 डिग्री हा मधला पट्टा धोक्याचा. जेवण एकतर 60 च्या वर ठेवायचं नाहीतर 5 च्या खाली. रात्रभर मंद शिजवायचं तर शिजवा, पण 60 च्या खाली येऊ द्यायचं नाही, आणि बुडबुडे येतायत म्हणजे ते 60 च्या पुष्कळ वरच आहे, आजीचा कान बरोबरच होता. शिजवून दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं असेल तर मग लवकर गार करायला पाहिजे, आणि इथंच सगळे चुकतात, कारण मोठं पातेलं लवकर गार होतच नाही, बाहेरनं हात लावला तर गार आणि मध्यभागी सकाळपर्यंत कोमट. म्हणून उथळ परातीत, ट्रेमध्ये दोन-तीन बोटं उंचीचा थर करून पसरायचं, परात गार पाण्यात ठेवायची, अधूनमधून हलवायचं आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. चाळीस किलोला फ्रिज कुठनं आणायचा म्हणाल तर बरोबर आहे, मग चाळीस किलो रात्री शिजवूच नका, मसाला वाटून ठेवा, कांदा चिरून ठेवा आणि मटण पहाटे चारला चढवा. माझं तरी हेच ठाम मत झालंय. आणि थंडीत बाहेर ठेवलं तर चालतं असं पण बरेचजण म्हणतात, आपली बेळगावची थंडी कितीही बोचरी असू दे, ती फ्रिजची थंडी नव्हे.

"सकाळी उकळलं की सगळं मरतं" हे पण अर्धंच खरं. फ्रिजमधनं काढलेलं नीट उकळायचंच, 75 च्या वर, मधोमध. पण रात्रभर कोमट राहिलेलं पातेलं उकळून वाचवायला जाऊ नका. काही जंतू आधीच विष करून ठेवतात, भातातला एक आणि हाताच्या जखमेतनं येणारा एक, ते विष उकळून जात नाही. टाकून द्यायचं. चाळीस किलो टाकताना जीव तुटणार, मला माहीत आहे.

शहरातल्या लोकांसाठी पण थोडं लिहिते, कारण टिळकवाडीतल्या माझ्या नणंदेकडं आता विजेचा स्लो कुकर आहे आणि ती रात्री मटण लावून झोपते. वस्तू चांगली आहे, आठ-दहा तासात छान होतं. पण फ्रीजरमधलं दगडासारखं मटण तसंच घालू नका, आधी फ्रिजमध्ये सुटं होऊ द्या. "वॉर्म"वर शिजवायला ठेवू नका, ते शिजलेलं गरम ठेवण्यासाठी असतं. मटणात राजमा घालायचा असेल तर आधी भिजवून ते पाणी फेकून वेगळ्या भांड्यात दहा मिनिटं खळखळ उकळा, मंद आचेवरच्या अर्धवट राजम्यानं विषबाधा होते. आणि मुख्य म्हणजे लाईट. आपल्याकडं वळवाच्या दिवसात रात्री लाईट जाते, तुम्ही झोपलेले, पहाटे परत येते, कुकर बिचारा कोमट पडून असतो आणि किती वेळ बंद होता ते कळत नाही. नणंदेला मी सांगितलंय की त्याच बोर्डावर लाईट गेल्यावर आकडे पुसले जातात तसलं साधं घड्याळ लाव, सकाळी आकडे लुकलुकताना दिसले तर मटण खायचं नाही.

मी स्वतः एक लांब सुईचा थर्मामीटर आणला, तीन-चारशेला मिळतो. पहिल्या दिवशी उकळत्या पाण्यात घातला तर 97 दाखवायला लागला, मला वाटलं खराब निघाला, परत द्यायला निघाले होते. मग भाच्यानं सांगितलं की बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच आहे, इथं पाणी 100 ला नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. बर्फाच्या पाण्यात घातला तर बरोबर शून्य. आता तो चुलीमागच्या खिळ्याला पळीशेजारी अडकवलेला असतो. काकूला दिला तर तिनं आधी टोपाला कान लावला, मग सुई घातली, 91. म्हणाली, "मग मी काय सांगत होतो?"

संपादकसाहेब, माझी विनंती एवढीच. तो लेख पुन्हा छापा म्हणत नाही, पण यात्रा सुरू व्हायच्या आधी पहिल्या पानावर नाहीतर गावोगावच्या बातम्यांच्या पानावर एक छोटी चौकट द्या, मोठ्या अक्षरात: शिजलेलं मटण रात्रभर पातेल्यात झाकून ठेवू नका, 60 च्या वर शिजतं ठेवा नाहीतर दोन तासात गार करून फ्रिजमध्ये घाला. तुमचा पेपर आमच्याकडं यात्रा कमिटीच्या मंडपात पण येतो आणि आचाऱ्याच्या घरी पण येतो. आणि जमलं तर त्याच चौकटीत लिहा की पाव्हणे आजारी पडले म्हणून लगेच मटणवाल्याला धरू नका, आधी रात्री पातेलं कुठं आणि कसं होतं ते विचारा. आमच्या त्या मटणवाल्याच्या दुकानात मी गेल्या आदितवारी मुद्दाम जाऊन दोन किलो घेतलं आणि चार लोकांसमोर त्याला सांगितलं की तुझी चूक नव्हती. त्यानं पैसे घेतले, काही बोलला नाही, पिशवीत दोन नळ्या जास्तीच्या घातल्या.

आपली नम्र,
एक वाचक, बेळगाव तालुका